भिंतीचे गुण आणि खोलीचे गुण

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या पालकसभेंत एक सूचना आली, ती अद्याप विचाराधीन आहे. संगीताची खोली आणि नववीचा वर्ग ह्यांच्यामधील भिंतीवर फोमचे जाड तक्ते चिकटवावे, म्हणजे नाताळच्या गीतांचा सराव चालू असतां शेजारच्या मुलांचें भूमितीवरील लक्ष उडणार नाहीं, अशी ती सूचना. हेतु निःसंशय स्तुत्य आहे. एका सद्गृहस्थांनीं त्या तक्त्यांचें माहितीपत्रकही आणिलें होतें, व त्यावर ‘८० टक्के आवाज बंद’ असें ठळक अक्षरांत छापलेलें होतें. माझें मत ह्या सूचनेच्या विरुद्ध आहे. सभेंत वेळ थोडा होता. ‘नको’ एवढें म्हणून खालीं बसण्यापेक्षां कारणें सविस्तर मांडावीं, आणि तीं मुलांनींही वाचावीं, ह्या इच्छेनें हा लेख लिहीत आहें.

प्रथम त्या ८० टक्क्यांचा निकाल लावूं. माहितीपत्रक खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. त्यांतील आंकडा खरा असेल. परंतु तो निराळ्याच प्रश्नाचें उत्तर आहे. ध्वनि एखाद्या पृष्ठभागावर आदळला म्हणजे त्याचे तीन वांटे होतात. कांहीं परत फिरतो, कांहीं त्या पदार्थांत जिरतो, आणि उरलेला पलीकडे निघून जातो. फोमच्या तक्त्याचा ०.८० हा आंकडा सांगतो तें एवढेंच कीं, आदळलेल्या ध्वनीपैकीं ८० टक्के खोलींत परत येत नाहीं. न परतलेला ध्वनि गेला कोठें? जिरला, कीं शेजारच्या वर्गांत गेला? ह्याविषयीं तो आंकडा एक अक्षरही बोलत नाहीं. परत न पाठविण्याच्या गुणास ध्वनिशोषण म्हणतात. पलीकडे जाऊं न देण्याच्या गुणास ध्वनिरोध म्हणावें. बाजारांत हे दोन गुण एकाच नांवानें विकले जातात, आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्या घोटाळ्यांत खर्चीं पडतात.

ह्या दोहोंतील अंतर किती मोठें आहे हें पाहण्यासाठीं वॉलेस क्लेमेंट सॅबिन ह्या अमेरिकन अध्यापकाची हकीकत उपयोगी पडते. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली, आणि तिच्यांतील व्याख्यानगृह बोलण्यास सर्वस्वीं निरुपयोगी ठरलें. वक्त्यानें एक वाक्य उच्चारावें, तों मागील वाक्य अद्याप छताखालीं घुमत असे. एका शब्दाचा नाद विरण्यास पांच सेकंदांहून अधिक काळ लागे. हा दोष दूर करण्याचें काम पदार्थविज्ञानाच्या २७ वर्षांच्या ह्या तरुण अध्यापकाकडे आलें. त्याचीं उपकरणें तीं कोणतीं? ऑर्गनची एक नळी, सेकंद मोजण्याचें एक यंत्र, आणि स्वतःचा कान. गांव निजल्यावर त्यानें शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील बांकांवरच्या गाद्या उचलून आणाव्या, थोड्याथोड्या मांडाव्या, नळी वाजवावी, आणि नाद विरेपर्यंतचा काळ टिपून ठेवावा. अशा कित्येक रात्रींच्या जागरणांतून खोलीचें घुमणें मोजण्याचें तें सूत्र निघालें, जें जगांतील स्थापत्यकार अद्याप वापरतात. आणि १९०० सालीं उघडलेलें बॉस्टनचें सिंफनी सभागृह त्याच्याच सल्ल्यानें बांधलें गेलें.

ध्वनिशोषण मोजावयाचें तर कांहीं माप पाहिजे. सॅबिननें पूर्ण शोषणाचें माप म्हणून काय घेतलें असेल? उघडी खिडकी! विचार केला म्हणजे हें किती चपखल आहे तें ध्यानांत येतें. उघड्या खिडकीवर गेलेला आवाज खोलींत परत येत नाहीं. अर्थात् तिचें शोषण शंभर टक्के. आतां हीच खिडकी ध्वनिरोधाच्या परीक्षेस बसवा. एका परीक्षेंत शंभरांपैकीं शंभर मिळविणारी ही हुशार मुलगी दुसऱ्या परीक्षेंत भोपळा घेऊन घरीं येते. माहितीपत्रकाचा न्याय खरा मानावयाचा तर ‘१०० टक्के आवाज बंद’ ही पाटी आपणांस उघड्या खिडकीवर लावावी लागेल.

मग आवाज अडतो कशानें? मुख्यत्वें वजनानें. ध्वनि म्हणजे हवेचें थरथरणें. तें भिंतीच्या एका अंगास लागतें, भिंत अगदीं सूक्ष्म अशी हलते, आणि तिच्या दुसऱ्या अंगाची हवा पुन्हां थरथरूं लागते. यरीहोच्या तटाची गोष्ट आपल्यापैकीं बहुतेक मुलांनीं ऐकलेली आहे. तो चमत्कार होता; एरवीं रणशिंगांच्या नादानें भिंत पडत नाहीं, ती किंचित् हलते मात्र खरी, आणि ती किंचित् हालचाल म्हणजेच शेजारच्या खोलींत ऐकूं जाणारा आवाज. भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते. पन्नास मिलिमीटर जाडीच्या फोमच्या एक चौरस मीटर तक्त्याचें वजन दीड किलोच्या आसपास भरतें. अर्ध्या विटेच्या, दोन्ही अंगांस गिलावा केलेल्या भिंतीचें तेवढ्याच जागेंतील वजन सुमारें २५० किलो. हत्तीच्या पाठीवर टोपी ठेविली म्हणून हत्ती हलावयास अधिक जड होत नाहीं. (अंड्यांचे पुठ्ठ्याचे खोके भिंतीस लावणाऱ्या हौशी वादकांसही हेंच सांगावयाचें, त्यांची खोली थोडी कमी घुमेल, परंतु शेजाऱ्यांची झोंप होती तेथेंच राहील.)

मोजण्याची भाषाही येथें सांगून टाकितों. ध्वनिरोध डेसिबेल ह्या मापानें सांगतात. ह्यांतील ‘बेल’ हा शब्द अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्या नांवावरून आला. हे गृहस्थ बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते, ही गोष्ट टेलिफोनच्या कीर्तींत लोक विसरतात. निदान शाळेच्या वार्षिकांत तिची आठवण असावी. भिंत १० डेसिबेलांची असेल तर तिजवर आदळलेल्या ध्वनिशक्तीचा दहावा हिस्सा पलीकडे जातो. २० ची असेल तर शंभरावा, ३० ची असेल तर हजारावा, आणि ५० ची असेल तर लाखावा. वर सांगितलेली अर्ध्या विटेची भिंत सुमारें ४५ डेसिबेल रोध करिते. भिंतीचें वजन दुप्पट केलें म्हणजे ह्यांत पांच सहा डेसिबेलांचीच भर पडते. उलट, कानास आवाज निम्मा झाला असें वाटावयास सुमारें १० डेसिबेल घटावे लागतात. तेव्हां भिंत जाड करीत बसणें हा मार्गही लवकरच महाग पडतो. म्हणूनच हलक्या साहित्याचे कारागीर निराळी युक्ति करितात: एकमेकींस न चिकटलेल्या दोन पातळ भिंती, मध्यें पोकळी, आणि त्या पोकळींत लोकरीसारखा मऊ पदार्थ. जिप्समच्या तक्त्यांची अशी दुहेरी भिंत नीट बांधली तर ती वजनानें कितीतरी हलकी असूनही ५० डेसिबेलांच्या आसपास जाते. मऊ पदार्थाचा खरा उपयोग असा दोन भिंतींच्या पोटांत आहे, पाठीवर नाहीं.

भिंतीची परीक्षा कशी घेतात, हें मुलांनीं मुद्दाम समजून घ्यावें. एकमेकींस लागून दोन खोल्या बांधितात. दोहोंच्या भिंती अतिशय जाड, पाये निरनिराळे, आणि मधोमध सुमारें १० चौरस मीटरांची एक मोकळी चौकट. जी भिंत तपासावयाची ती ह्या चौकटींत प्रत्यक्ष उभी करितात. विटांची असेल तर गवंडी येऊन विटा रचतो, गिलावा करितो, आणि ती वाळेपर्यंत सर्वांस वाट पाहावी लागते. मग एका खोलींत ध्वनिक्षेपकांतून सर्व सुरांचा मिळून एक घोंगाट सोडितात, दोन्ही खोल्यांत अनेक ठिकाणीं मायक्रोफोन ठेवून आवाजाची पातळी घेतात, आणि पहिलींतून दुसरी वजा करितात. पहिल्या खोलींत १०० डेसिबेल व दुसरींत ५५, तर फरक ४५.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं, आणि येथें पुन्हां सॅबिनचें ऋण आठवतें. दुसरी खोली ओकीबोकी असेल तर तिच्यांत शिरलेला ध्वनि घुमत राहील, पातळी चढेल, आणि बिचारी भिंत वाईट ठरेल. तीच खोली गाद्यागिरद्यांनीं भरली तर पातळी उतरेल, व तीच भिंत एकाएकीं चांगली ठरेल. खोलीचा दोष भिंतीच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. म्हणून दुसऱ्या खोलींत नाद विरण्यास किती काळ लागतो तो मोजून, भिंतीचें क्षेत्रफळ आणि खोलीचें एकंदर शोषण ह्यांच्या प्रमाणावरून त्या फरकांत दुरुस्ती करितात. स्वतः सॅबिननें १९१५ सालीं ध्वनिरोधावर लेख लिहून ह्या विषयाचा पाया घातला. त्याच्यासाठीं इलिनॉय प्रांतांत जिनीव्हा ह्या गांवीं जॉर्ज फॅबियन नांवाच्या धनिकानें रिव्हरबँक येथें मुद्दाम एक प्रयोगशाळा बांधविली. परंतु ती १९१८ सालीं तयार झाली आणि १९१९ च्या जानेवारींत सॅबिन मरण पावला. पुढें पॉल सॅबिन ह्या त्याच्या नातलगानें तें काम चालविलें. आज ही रीत आंतरराष्ट्रीय मानकानें बांधून दिलेली असून २०१० सालापासून ती आयएसओ १०१४० ह्या क्रमांकानें ओळखली जाते. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत अशा खोल्या आहेत. आणि इमारतींच्या ध्वनिरोधाविषयीं भारतीय मानकही १९६२ सालींच निघालेलें आहे.

आतां ह्या परीक्षेच्या निकालपत्राविषयीं. भिंत सर्व सुरांस सारखीच अडवीत नाहीं. उंच सूर ती चांगले अडविते, खर्जांत मात्र तिची शक्ति कमी पडते. शिवाय प्रत्येक तावदानाचा वा तक्त्याचा म्हणून एक कच्चा सूर असतो, जेथें तें तावदान आवाजाशीं जणूं संगनमत करितें. सहा मिलिमीटरांच्या कांचेचा हा सूर २००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐन बोलण्याच्या मुलुखांत पडतो. (ह्याचें कारण लोथर क्रेमर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९४२ सालीं उलगडून दाखविलें.) म्हणून १०० पासून ३१५० हर्ट्झपर्यंतच्या १६ पट्ट्यांत निरनिराळें मोजमाप घ्यावें लागतें. हे जणूं १६ विषयांचे गुण. परंतु बाजारास १६ आंकडे नको असतात, एकच हवा असतो. त्यासाठीं एक आदर्श रेषा मोजलेल्या गुणांशेजारीं ठेवून, एकंदर तूट ३२ डेसिबेलांच्या आंत राहील इतकी ती वर सरकवितात, आणि ५०० हर्ट्झवर ती जेथें येईल तो आंकडा भिंतीच्या कपाळीं छापतात.

कोणीही शिक्षक सांगेल कीं, एका आंकड्याची गुणपत्रिका सोयीची असते आणि फसवीही असते. ६५ टक्के मिळविणारा मुलगा गणितांत नापास असूं शकतो. भिंतीच्या बाबतींत हा नापास विषय बहुधा खर्जाचा असतो. मिरवणुकींतील डीजेची जी धडधड छातींत जाणवते ती पुष्कळदां १०० हर्ट्झच्या खालची असते. आणि ज्या परीक्षेचा पहिला पेपर १०० हर्ट्झपासून सुरू होतो तिच्यांत ह्या धडधडीचा प्रश्नच विचारलेला नसतो. पन्नास डेसिबेलांची भिंत घेऊनही गणेशोत्सवाच्या दिवसांत खिडक्यांचीं तावदानें कां थरथरतात, असें विचारणाऱ्या पालकांस त्यांचें उत्तर येथें मिळेल. रस्त्यावरील रहदारी ध्यानांत घेऊन त्या आंकड्यांतून किती वजा करावें, हेंही मानकांत सांगितलेलें असतें. हलक्या दुहेरी भिंतींची ही वजावट मोठी असते, विटांच्या जड भिंतींची थोडी. माहितीपत्रकांत ती सहसा छापीत नाहींत.

परंतु समजा, निकालपत्र सोळाही विषयांत उत्तम आहे. तरीही तो गुण भिंतीचा, खोलीचा नव्हे. आणि माझ्या मताचा सारा भार ह्या एका भेदावर आहे. प्रयोगशाळेंत भिंतीस दार नसतें. आपल्या भिंतीस आहे. तिला दार आहे, दाराखालीं फट आहे, आणि दारावर वारा खेळावा म्हणून झडपेची खिडकी आहे, जी बाराही महिने उघडी असते. सॅबिनच्या उघड्या खिडकीचेंच माप घेऊन ह्या प्रत्येकाची गळती किती ती पाहूं. प्रत्येक भाग किती मोठ्या उघड्या भोंकाइतका आवाज सोडितो, एवढेंच काढावयाचें.

भिंत साधारण १८ चौरस मीटर, अर्ध्या विटेची, ४५ डेसिबेलांची. तिच्यांतून जाणारा आवाज सुमारें ६ चौरस सेंटिमीटरांच्या भोंकाएवढा; टपालाच्या एका मोठ्या तिकिटाएवढा म्हणाना. दार २ चौरस मीटर, साध्या फळ्यांचें, फार तर २० डेसिबेलांचें. त्याची गळती २०० चौरस सेंटिमीटर. दाराखालची फट एक मीटर लांब व एक सेंटिमीटर उंच; ती स्वतःच १०० चौरस सेंटिमीटर. आणि वरची झडप, एक मीटर लांब व ३० सेंटिमीटर उंच: ३००० चौरस सेंटिमीटर. एकंदर सुमारें ३३०६. ह्यांत भिंतीचा वांटा ६! फोमच्या तक्त्यांनीं चमत्कार करून त्या सहाचें शून्य केलें तरी ३३०० उरतात. डेसिबेलांत सांगावयाचें तर ४५ ची आपली भिंत दार, फट व झडप ह्यांसह केवळ १८ ची राहते, आणि तक्ते लावल्यावरही १८ चीच राहील. डेसिबेलाच्या शंभराव्या हिश्शाइतकाही फरक मोठ्या कष्टानें पडेल.

उलट, झडपेची जागा विटांनीं बुजविली, दार जड फळीचें करून त्याच्या तिन्ही बाजूंस रबराची पट्टी व तळाशीं नीट बसणारा उंबरा दिला, तर दार ३० डेसिबेलांचें होऊन त्याची गळती २० वर येते. भिंतीचे ६ मिळवून एकंदर २६. म्हणजे १८ डेसिबेलांवरून आपण ३९ वर येतों, आणि तेंही एक सुतार व एक गवंडी ह्यांच्या थोड्या दिवसांच्या मजुरींत. वारा कमी होईल ही शंका रास्त आहे. परंतु दोन्ही खोल्यांस मैदानाकडे मोठ्या खिडक्या आहेत, तेवढ्यानें तें भागावें.

हे आंकडे मीं सामान्यतः मान्य असलेल्या मूल्यांवरून कागदावर मांडिले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहींत. तेव्हां कोणी म्हणेल, हाही एक प्रकारचें माहितीपत्रकच झाला. मान्य. म्हणूनच माझी मागणी अशी आहे कीं, एक रुपयाही खर्च करण्यापूर्वीं त्या दोन खोल्यांचें मोजमाप घ्यावें. बांधलेल्या इमारतींत भिंतीचा आंकडा प्रयोगशाळेंतील आंकड्याहून कांहीं डेसिबेलांनीं खालीं येतो, कारण आवाज छतावरून, जमिनींतून, बाजूच्या भिंतींतून, विजेच्या नळ्यांतून वळसा घालून येतो, हा सर्वत्रांचा अनुभव आहे. इंग्लंडांत २००३ सालापासून नवीं घरें बांधून झाल्यावर त्यांतील कांहींची तेथेंच, जागेवर, परीक्षा घेण्याचा नियम आला. शेजारशेजारच्या नव्या घरांमध्यें ४५ डेसिबेल भरले पाहिजेत, विटेच्या कारखान्याचा दाखला चालत नाहीं. आपणांस तितकी महागडीं यंत्रें नकोत.

नववी व दहावीच्या मुलांनीं हा प्रयोग करावा. शाळा सुटल्यावर पंखे बंद करून संगीताच्या खोलीच्या कोपऱ्यांत ध्वनिक्षेपक ठेवावा, आणि त्यांतून पावसाच्या सरीसारखा एकसारखा खळखळाट मोठ्यानें सोडावा. मोबाइलमधील ध्वनिमापक ॲपनें खोलींत पांच सहा ठिकाणीं पातळी घ्यावी. मग तोच मोबाइल घेऊन, दार लावून, वर्गांत तितक्याच ठिकाणीं घ्यावी. मोबाइल हें कांहीं प्रमाणित यंत्र नव्हे, त्याचा आंकडा दोन चार डेसिबेलांनीं सहज चुकतो. परंतु एकच मोबाइल दोन्हीकडे तितकाच चुकत असेल तर वजाबाकींत ती चूक गळून जाते, ही ह्या रीतीची मोठी खुबी आहे. एवढी काळजी मात्र घ्यावी कीं, ध्वनिक्षेपक बंद असतां वर्गांत जी पातळी असते तिच्याहून चालू असतांची पातळी निदान १० डेसिबेल अधिक असावी. नाहींतर आपण भिंत न मोजतां बाहेरची रहदारी मोजूं. नंतर झडपेवर जाड फळी घट्ट बसवून पुन्हां मोजावें, दाराखालीं ओलें गोणपाट कोंबून पुन्हां मोजावें, आणि शेवटीं त्या सद्गृहस्थांकडून दोन तक्ते मागून आणून, ते भिंतीस टेकवून पुन्हां मोजावें. चारही आंकडे पालकसभेच्या फळ्यावर लिहावे. तक्त्यांचा मला द्वेष नाहीं. संगीताच्या खोलींत आवाज फार घुमतो व गाणाऱ्यांस स्वतःचे शब्द स्पष्ट ऐकूं येत नाहींत, ही तक्रार खरी आहे, आणि ती दूर करावयास असे थोडे तक्ते उपयोगी पडतील. तीं कामें दोन आहेत, एवढेंच माझें म्हणणें.

ह्या साऱ्या खटाटोपाची एवढी गरज काय, असें वाटणाऱ्यांस न्यूयॉर्कमधील एका शाळेची गोष्ट सांगतों. मॅनहॅटनच्या उत्तर भागांत पब्लिक स्कूल ९८ ह्या शाळेच्या एका बाजूस उंचावरून आगगाड्या धांवत. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं सहकाऱ्यासह १९७५ सालीं असें दाखविलें कीं, रुळांकडील वर्गांत बसणारीं मुलें त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांहून वाचनांत मागें पडलीं होतीं, कांहीं तर जवळजवळ एक वर्षानें. पुढें रुळांखालीं रबरी बैठका बसविल्या, त्या वर्गांस ध्वनिशोषक छत दिलें, आणि १९८१ सालच्या पाहणींत हें अंतर नाहींसें झालेलें आढळलें.  ध्यानांत घ्यावयाजोगी गोष्ट ही कीं, तेथें रुळांसही, म्हणजे आवाजाच्या उगमासही, हात घातला.

आपल्या वर्गांच्या रस्त्याकडील बाजूस हाच मार्ग उघडा आहे, कारण येथें भिंतीचा उपायच चालत नाहीं. आपली जुनी दगडी भिंत दीड हात जाड आहे. तिच्याहून चांगली भिंत आज कोणी बांधणार नाहीं. परंतु एप्रिल महिन्यांत खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात, आणि उघड्या खिडकीच्या खोलींत बाहेरचा आवाज १० ते १५ डेसिबेलच कमी होतो, मग भिंत दगडाची असो वा पत्र्याची. अमेरिकेंत २००२ सालीं वर्गासाठीं जें मानक निघालें त्यांत रिकाम्या वर्गांतील पातळी ३५ डेसिबेलांवर जाऊं नये असें सांगितलें आहे. आपल्या देशाचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम म्हणतात कीं, शाळेभोंवतालच्या शांतताक्षेत्रांत दिवसा ५० डेसिबेलांहून अधिक आवाज नसावा. पन्नासांतून उघड्या खिडकीचे १५ वजा करा, ३५ उरतात! हा नियम खरोखर पाळला गेला तर आपल्या मुलांस उकाड्यांत खिडक्या बंद करून बसण्याचें कारण उरणार नाहीं, आणि एकही तक्ता विकत घ्यावा लागणार नाहीं.

नियम मात्र आपोआप लागू होत नाहीं. शाळेभोंवतीं निदान १०० मीटरांचें क्षेत्र शांततेचें असावें असें त्यांत आहे, २०१० सालच्या दुरुस्तीनें तेथें कर्णे वाजविण्यासही मनाई झाली. परंतु २०१७ सालीं त्यांत पुन्हां दुरुस्ती होऊन, राज्य सरकारनें तसें जाहीर केल्याखेरीज कोणतेंही क्षेत्र शांतताक्षेत्र समजलें जाणार नाहीं असें ठरलें. तेव्हां तक्त्यांसाठीं पालकांकडून वर्गणी गोळा करावयाची होती तिच्याऐवजीं एका अर्जावर सह्या गोळा कराव्या, अशी माझी विनंती आहे: आपल्या शाळेभोंवतालचें क्षेत्र तसें जाहीर झालें आहे कीं नाहीं, नसल्यास केव्हां होणार, आणि झालें असल्यास फाटकाबाहेरच्या रस्त्यावर तशी पाटी कां नाहीं. अर्जाचा मसुदा मीं करून कार्यालयांत ठेविला आहे. त्यास जोडण्यासाठीं रस्त्याकडील चार वर्गांत सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं, दुपारीं व शाळा सुटतांना घेतलेल्या पातळ्यांचा एक तक्ता लागेल. तो करावयास दहावीचे विद्यार्थी पुढें आले आहेत, आणि नववीच्या मुलांस त्यांत यावयाचें असल्यास त्यांनीं आपलीं नांवें प्रयोगशाळेंतील वहींत लिहावीं.